माझा स्विचऑफ भाडेकरू

माझा फोन ढिगाऱ्याखाली वाजत होता आणि देवजी ओरडत होता, "इथंच हाय तो! फोनजवळच असणार. इथंच खणा!"

देवजी म्हणजे समोरच्या घरातला. पन्नाशीचा, अंगाने दांडगा, मला काकी म्हणतो. तो, त्याची बायको सखू आणि शेतातून धावत आलेले चारपाच बाप्ये घमेल्यांनी, पाट्यांनी, नुसत्या हातांनी माती ओढत होते. माझ्या घराची पुढची खोली खाली बसली होती. आधी भिंत पडली, तिच्यावर वासे, वाशांवर कौलं. धूळ अशी की अंगणातला आंबा दिसेना. दुपारचे तीन वाजले असतील.

आत माझा भाडेकरू होता. त्याला आत मीच पाठवलं होतं.

धरणी हलली तेव्हा आम्ही दोघं अंगणात होतो, मी उडीद पाखडत आणि तो खडे वेचत. दोघंही धडधाकट. धक्का थांबल्यावर मी म्हणाले, "माझा फोन कोनाड्यात राहिलाय. लेक आता फोन करेल. उचलला नाही तर वापीवरून रडत येईल. जा, आण." तो उठला आणि आत गेला. मग दुसरा धक्का आला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि भिंत गेली.

आता यातली खरी गोष्ट सांगते. ज्या माणसाला मी फोन आणायला पाठवलं, त्याने तीन वर्षांत फोनला बोट लावलेलं नव्हतं. फोन, टीव्ही, रेडिओ, घड्याळ, पंखा, दिव्याचं बटण, कशालाच नाही. तो आत गाडला गेलाय आणि मी त्याच्या सवयी सांगत बसते हे बरं दिसत नाही, मला माहीत आहे. पण तो कसला माणूस होता हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तो आला चिकूच्या रिकाम्या टेम्पोतून. आमचं घर रानशेतला, सडकेपासून जरा आत. गुरं विकल्यावर गोठा रिकामा पडला होता. लेकीने तिथे फरशी घालून, भिंतींना चुना मारून खोली केली होती, आणि भाडेकरू बघून ठेव असं मी मसोलीच्या किराणावाल्याला सांगितलं होतं. त्याने याला धाडलं. सोबत एक गादी, एक पत्र्याची पेटी आणि एक कंदील. पन्नास-पंचावन्नचा, चष्मा लावणारा, हात बायकांपेक्षा मऊ.

"लाईट आहे का?" त्याने विचारलं.

मी ताठ झाले. "आहे ना. मीटर माझ्या नावावर आहे. पंखा पण लावून देईन."

"मग माझ्या खोलीतली तोडून द्या."

मला वाटलं, बिल वाचवायला बघतोय. म्हटलं, "लाईटचं वेगळं घेत नाही मी." तर म्हणाला, "तसं नाही. मला नकोच आहे." आणि स्टुलावर चढून, डोळे मिटून, टॉवेलात हात गुंडाळून त्याने बल्ब काढला आणि माझ्या ओटीत ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ ओट्या भरून घेतल्या, पण बल्बने कोणी भरली नव्हती.

गावात दुसऱ्या दिवसापासून चर्चा. सखू म्हणाली, खून करून पळालेला असणार. देवजी म्हणाला, "नाय, ह्यो रस्त्यासाठी जमीन बघाया आलाय." आमच्याकडे कोणीही अनोळखी माणूस चष्मा लावून झाडाकडे बघत उभा राहिला की लोकांना वाटतं जमीन गेली. आठ दिवस त्याच्या मागे माणसं फिरत होती. हा सकाळी नदीकडे जायचा, हे मागे. हा दगडावर बसायचा, हे झाडामागे. नवव्या दिवशी त्याने मागे वळून देवजीला विचारलं, "किती वाजले असतील हो?" देवजीने मोबाईल काढून सांगितलं. त्या दिवसापासून पाळत संपली आणि ताप सुरू झाला.

कारण याने घड्याळ सोडलं होतं, पण वेळ सोडली नव्हती. सूर्यावरून वेळ ओळखतो म्हणायचा. ढग असले की माझ्याकडे यायचा. "मालकीणबाई, किती वाजले?" तासाने परत. मी भाकरी थापतेय, वाजले किती. मी न्हाणीत आहे, वाजले किती. एकदा मी आतून ओरडले, "वाजले बारा, तुझे आणि माझे!" तो बाहेरून म्हणाला, "आभारी आहे," आणि जेवायला बसला. तेव्हा साडेदहा झाले होते.

स्विचऑफ हे नाव त्याला देवजीने ठेवलं. फोन लावला की ती बाई सांगते ना, आपण ज्यांना फोन करत आहात ते बंद आहेत, तसा. पोरंटोरं, म्हातारे, सगळे त्याला तेच म्हणायचे. त्याला नावाचा राग नव्हता. उलट खूश व्हायचा. म्हणायचा, "माझी आतापर्यंतची सगळ्यात खरी पदवी."

आधीच्या पदव्या मोठ्या होत्या. मुंबईला कुठल्याशा कंपनीत साहेब होता. काम काय, तर लोकांनी मोबाईलकडे जास्त वेळ कसं बघत राहावं हे शोधून काढायचं. मी विचारलं, "म्हणजे गळाला लावायचं आमिष बनवायचास?" तो म्हणाला, "हो, आणि रात्री घरी जाऊन तेच गिळायचो." घरात तीन फोन, दोन कॉम्प्युटर. जेवताना एक पडदा समोर, एक बाजूला.

हे सगळं सोडलं का, ते त्याने एकदाच सांगितलं, आम्ही नागली निवडत होतो तेव्हा. त्याची आई दवाखान्यात होती. हा खाटेशेजारी बसलेला. आई काही काही सांगत होती, आणि हा हातातल्या फोनमध्ये बघत "हं... हं..." करत होता. नर्स आली, आईच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही कोणाला हं म्हणताय?" आई बोलायची थांबून किती वेळ झाला होता ते त्याला माहीत नव्हतं. आणि ती शेवटी काय सांगत होती तेही नाही.

मी म्हटलं, "वाईट झालं." दुसरं काय म्हणणार. थोड्या वेळाने म्हटलं, "म्हातारी माणसं शेवटी बहुतेक पाणीच मागतात. फार काही राहून गेलं नसेल." त्याने माझ्याकडे बघितलं. मग हसला. मला वाटलं रडेल, पण हसला.

तर असा हा विरक्त. पण विरक्तीत खाचाखोचा फार. मला संध्याकाळी सातची सिरियल लागते. त्यात एक सून आहे, तिला सासरचे छळतात, आणि नवऱ्याचं दुसरीकडे लग्न लावायला निघालेत. माझा टीव्ही पुढच्या खोलीत. सात वाजले की हा ओट्यावर येऊन बसायचा, टीव्हीकडे पाठ करून, मांडीवर वालाच्या शेंगा घेऊन. मी म्हटलं, "आत ये की."

"नको. मी पडदा बघत नाही."

"मग इथे कशाला बसलास?"

"शेंगा सोलतोय. कानावर पडतंय त्याला माझा इलाज नाही. ऐकणं म्हणजे बघणं नव्हे."

शेंगा संपल्या तरी हात चालायचे. आतलं बोलणं थांबलं की पाठ न वळवता विचारायचा, "आता दारात कोण आलंय? बोलत नाहीये कोणी." मी सांगायची, "ती दुसरी. हिरवी साडी." "आणि सून?" "जिन्यावर उभी." "तोंड कसं आहे?" म्हणजे बघायचं मी, आणि तोंड कसं आहे तेही मीच सांगायचं. अर्धी सिरियल माझी त्यातच जायची. एकदा मी मुद्दाम सांगितलं, सून जिन्यावरून पडली, मेली. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याहून मोठा उद्योग फोन नंबरचा. आजकाल नंबराशिवाय गॅसची टाकीसुद्धा मिळत नाही. याला बँकेत, टपालात, दवाखान्यात, जिथे तिथे नंबर विचारायचे. याने सगळीकडे माझा देऊन ठेवला. मला पत्ताच नाही. एक दिवस कोणी इंग्रजीत बोलणारी पोरगी मला सर म्हणायला लागली. मग रोजचंच झालं.

"सर आहेत का?"

"आहेत."

"बोलता येईल का त्यांच्याशी?"

"नाही. झाडाखाली बसलेत."

"मीटिंगमध्ये आहेत का?"

"झाडाच्या."

मी चौथी शिकलेली बाई, या वयात साहेबाची सेक्रेटरी झाले. त्याला बोलले, "अरे, तू फोन सोडलास म्हणतोस. सोडलेला नाहीस, माझ्या गळ्यात बांधलास." तो खाली मान घालून म्हणाला, "खरं आहे." माणूस चूक कबूल करण्यात पटाईत होता. सुधारण्यात नव्हता.

त्याची बायको बोरिवलीला. ती दर रविवारी माझ्या फोनवर फोन करायची. भांडण नव्हतं त्यांचं. ती म्हणायची, "काकू, तिकडे आहेत तेच बरं. इकडे होते तेव्हाही घरात नव्हतेच." आमची दोघींची चांगली ओळख झाली. हा तिला दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकायचा. ते आठ-दहा दिवसांनी पोचायचं. याला हिवताप झाला तेव्हा याने लिहिलं, 'मला ताप आहे, काळजी करू नकोस.' ते कार्ड तिच्या हातात पडलं तोवर ती इथे येऊन, चार दिवस शुश्रूषा करून, परत गेलेली होती. मीच कळवलं होतं. त्या तापात हा बडबडायला लागला तेव्हा मी त्याला "गप पड रे" म्हणाले, आणि तेव्हापासून अहो-जाहो सुटलं ते सुटलंच.

गाव सुधारायचाही त्याला एकदा झटका आला होता. गुरुवारी संध्याकाळी तास-दोन तास सगळ्यांनी फोन बंद करून माझ्या अंगणात बसायचं, गप्पा मारायच्या. चहा आणि भजी याच्याकडून. भज्यांमुळे बावीस माणसं आली. फोन बंद कोणी केला नाही, पण एका टोपलीत ठेवले आणि वर टॉवेल टाकला. मग टोपली वाजायला लागली. एक वाजला की बावीस माणसं माना वळवणार. गप्पा सगळ्या एकच, हा कोणाचा वाजतोय. शेवटी अंधारात जाताना दोघांचे फोन बदलले. देवजी दोन दिवस दुसऱ्याच्याच व्याह्याशी बोलत होता. व्याही म्हणाला, पोरीला दिवाळीला पाठवतो. देवजी म्हणाला, "पाठवा की." त्याला मुलगाच नाही. दुसरा गुरुवार झाला नाही.

मी नुसते दोषच सांगते असं वाटेल, म्हणून एक गुणही सांगते. तो ऐकायचा. माझं माहेर सरावलीचं, लग्न होऊन इथे कशी आले, सासूने पहिल्याच दिवशी उखळावर कशी उभी केली, हे सगळं मी सांगायला लागले की तो हातातलं काम ठेवायचा आणि विचारायचा, "मग?" आमचे हे चाळीस वर्षं होते. त्यांनी मला "मीठ कुठाय" हे विचारलं, "मग" असं कधी विचारलं नाही. मला सुरुवातीला संशय यायचा, हा इतकं का ऐकतो. नंतर सवय झाली.

आता चिमट्याचं सांगते.

एकदा माझे दोन्ही हात पिठात होते आणि फोन वाजत होता. लेक होती. मी म्हटलं, "तेवढा फोन दे रे." तो फोनजवळ गेला. हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला, मागे घेतला. मग चुलीपाशी आला, खिळ्याला अडकवलेला चिमटा काढला, परत गेला आणि चिमट्यात फोन धरून माझ्याकडे यायला लागला. निखारा आणावा तसा, हात लांब करून, श्वास धरून. चुलीपर्यंत आला आणि फोन आमटीत पडला.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

फोन वाळवला, तांदळात पुरला, चालू झाला. नंतर मला वाटलं हा शिकेल आणि हाताने उचलेल. हा शिकला, पण चिमटा. तीन वर्षांत त्याचा हात असा बसला की मी भाकरी थापतेय, आणि हा चिमट्यात फोन धरून माझ्या कानाला लावून उभा. लेक म्हणायची, "आई, आवाज असा लांबून का येतोय?" मी म्हणायची, "चिमट्यातून येतोय." तिला वाटायचं मला भ्रम झालाय. पण गावात सगळ्यांनी हे बघितलेलं. बायका मुद्दाम फोन वाजवून बघायला यायच्या.

आणि धरणीकंपाचं काय, तर डहाणू-तलासरीकडे ते आता पाहुण्यासारखे येतात. सुरुवातीला आम्ही घाबरलो, महिनोन्‌महिने बाहेर ताडपत्रीखाली झोपलो. मग सवय झाली. भांडी वाजली की सखू म्हणते, "आला." भिंतींना चिरा पडतात, आम्ही माती लिंपतो. माझ्या पुढच्या भिंतीला तर दोन वेळा बांबूचा टेकू दिलेला. स्विचऑफला एक गोष्ट कळायची नाही. धक्का बसला की लोक आधी फोन काढतात. कुठे होता, किती पॉइंटचा होता. आलेल्या आकड्यावरून घाबरायचं की नाही ते ठरवतात. तो म्हणायचा, "अहो, घर हललं ते तुम्हाला कळलं ना? मग विचारताय काय?" देवजी म्हणायचा, "हललं ते कळलं, पण किती हललं?" आणि फोन घरात राहिला असेल तर लोक तो आणायला परत आत जायचे. पडक्या भिंतीखालून. यावरून तो सगळ्यांना ओरडायचा. मलाही दोनदा ओरडला होता.

आणि त्या दुपारी मी त्यालाच धाडला. या वेळी तो ओरडला नाही. मला वाटतं, तो नाही म्हणाला असता तर मी स्वतः गेले असते, हे त्याला माहीत होतं.

तर, फोन मातीखाली वाजत होता. थांबायचा, परत वाजायचा. आवाजाच्या मागे खणत खणत देवजीने तो काढला. काच फुटलेली, पण वाजतोय. वर लेकीचा फोटो. आजूबाजूला माणसाचा हात नाही, पाय नाही. देवजीने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "ह्याच्या खालीच असणार. भिंतीखाली गेला." सखूने तोंडाला पदर लावला. एकाने हळूच म्हटलं, "पोलिसांना कळवाया हवं." लोक अजून खणत होते, पण हात मंदावले होते. मेलेल्या माणसासाठी खणताना हात कसे चालतात ते मला माहीत आहे.

मी तिथे उभी. डोकं चालत होतं. मी विचार केला, हा आत गेला. फोन कोनाड्यात वाजतोय. हा तो हाताने उचलणार का? जीव गेला तरी नाही.

"देवजी, तो इथे नाही. मागे खणा. चुलीपाशी."

"काकी, डोकं फिरलं का तुझं? फोन आणाया गेलेला माणूस चुलीपाशी कशाला जाईल?"

"चिमटा आणायला!"

देवजीच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. मग त्याने एक शिवी दिली, स्विचऑफला, आणि मागच्या बाजूला पळाला. त्याच्यामागे सगळे.

स्वयंपाकघराचं छप्परही खाली आलं होतं, पण अर्धंच. माळ्याची तुळई एका बाजूला टेकून राहिली होती. कुठून हात घालावा कळेना. चुकीचा वासा ओढला तर सगळं बसणार. मी म्हटलं, "हाक मारा. आवाज कुठून येतो बघा." हाक मारली. पण ऐकणार कसं? देवजीच्या खिशात माझा फोन वाजतोय. देवजीचा स्वतःचा वाजतोय. सखूचा वाजतोय. धरणी हलली की मुंबई, वापी, सुरत, जिथे जिथे आमची माणसं आहेत तिथून एकदम फोन येतात. सहा माणसं आणि आठ गाणी.

मी ओरडले, "बंद करा! सगळे बंद करा!"

मी अशी ओरडले की माझी सासू ऐकायला हवी होती. सगळ्यांनी फोन काढले आणि एकेक करून बंद केले. माझा बंद होईना. काच फुटलेली, बोट लागेना. देवजी घासतोय, पुसतोय, तो वाजतोच आहे, वर लेकीचा हसरा फोटो. मी त्याच्या हातातून घेतला आणि पाण्याच्या पिंपात टाकला.

मग शांत झालं. इतकं शांत मी रानशेतला पुष्कळ वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि आतून आवाज आला. ठक. ठक. ठक. लोखंडावर लोखंड.

"तवा वाजवतोय," मी म्हटलं. "चुलीच्या डाव्या अंगाला."

अर्धा तास लागला. टिकाव लावायचा नाही, एकेक कौल हाताने काढायचं. शेवटी डोकं दिसलं, पिठात बुडवल्यासारखं पांढरं. चष्मा नाही. उजवा पाय वाशाखाली, बघवत नव्हता असा. एका हातात चिमटा.

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मालकीणबाई, तुमचा फोन वाजत होता. कोणी घेतला का?"

"मी पाण्यात टाकला."

त्याने जरा विचार केला. "चिमट्याने?"

"हाताने."

"बरं," तो म्हणाला आणि बेशुद्ध पडला.

देवजीने आपला फोन परत चालू करून जीप बोलावली. डहाणूच्या दवाखान्यात मी बरोबर गेले. डॉक्टरने पायाचा फोटो काढला आणि पडद्यावर लावला, म्हणाला, "बघा, इथे दोन ठिकाणी मोडलंय." याने तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरला वाटलं घाबरला. हा म्हणाला, "मालकीणबाई, तुम्ही बघा आणि मला सांगा." मग मी पुढे झाले आणि सांगितलं, "नळीचं हाड आहे. खाली मोडलंय आणि गुडघ्याजवळ मोडलंय." "तोंड कसं आहे?" "हाडाला तोंड नसतं रे. गप पड." दवाखान्यासमोर औषधांचं दुकान आहे, तिथला गुजराती म्हातारा हे सगळं माझ्याकडून ऐकून म्हणाला, "आ माणस गांडो छे," म्हणजे हा माणूस वेडा आहे. मी म्हटलं, हो, आहे. मला माहीत आहे.

लेक संध्याकाळी वापीहून आली, फोन का उचलला नाहीस म्हणून दवाखान्यातच भांडली, आणि मग रडली. बायको बोरिवलीहून आली. ती रडली नाही. तिने त्याचा चष्मा नवा आणला होता, कारण जुन्याचं नेमकं काय झालं असणार हे तिला न सांगता कळलं होतं. पायात सळई घालून, तीन महिने बोरिवलीला राहून, तो परत आला. चालताना आता डावीकडे कलतो. मी घर पुन्हा बांधलं, विटा आणि सिमेंटचं, लेकीने हट्ट धरला म्हणून. त्याच्या गोठ्याला त्या दिवशी साधी चीरसुद्धा गेली नव्हती.

त्याला आत पाठवलं याबद्दल मी कधी काही बोलले नाही. त्यानेही कधी काढलं नाही. सखू मात्र अजून लोकांना सांगते, आणि जास्तीचं घालून सांगते. म्हणून जेवढं झालं तेवढं लिहिते. त्या दुपारी माझं घर पडलं. आत एक माणूस होता. तो वाचला. मी अंगणात होते.